आठ महिने एकाच हॉटेलातला तिखट कबाब: लाल होता तेव्हाचा आणि आताचा

बंगळुरूला बदली होईपर्यंत कबाब म्हटलं की मला शीग आणि निखारेच आठवायचे. इथल्या मिलिटरी हॉटेलात मात्र कबाब मागितला की कढईतून तळून काढलेले कोंबडीचे हाडासकट तुकडे येतात. वर कुरकुरीत झालेला कढीपत्ता, कडेला कांदा आणि लिंबाची फोड. फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑफिसातल्या मैत्रिणीनं मला अशाच एका हॉटेलात नेलं. तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत गावी गेलेले आठवडे सोडले तर दर शनिवारी दुपारी मी तिथंच जेवले. पंचवीसेक वेळा तरी खाऊन झालंय, म्हणून आता मत द्यायला हरकत नाही.

मिलिटरी हॉटेल म्हणजे साधी, मांसाहारी खाणावळ. लाकडी बाकं, केळीचं पान आणि द्रोणात वाढलेली बिर्याणी. त्या बिर्याणीला इथं 'दोन्ने बिर्याणी' म्हणतात, आणि हा दोन्ने म्हणजे आपला द्रोणच. यातली बरीच जुनी हॉटेलं मराठा कुटुंबांनी काढलेली आहेत. कॉटनपेठेतलं एस. जी. राव यांचं हॉटेल १९०८ पासूनचं. मी जिथं जाते तिथं गल्ल्यावर बसणारे आजोबाही घरी मराठीच बोलतात. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं असतं. मी सांगलीची आहे कळल्यावर ते म्हणाले, "मग आमचीच की तू, बस." त्या दिवसापासून रस्सा न मागता येतो.

आता कबाबाकडे वळते. पहिले चारेक महिने तो भडक केशरी-लाल असायचा. बोटं धुतली तरी नखांच्या कडा रात्रीपर्यंत रंगलेल्या राहायच्या. हा मिरचीचा रंग नव्हे हे मला कळत होतं, कारण आमच्या घरी वर्षाचं तिखट कांडप यंत्रावर होतं आणि मिरचीनं हात कसे रंगतात ते लहानपणापासून पाहिलंय. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदी केली. आरोग्य खात्यानं तपासलेल्या ३९ नमुन्यांपैकी ८ असुरक्षित निघाले होते आणि त्यांत मुख्यतः सनसेट यलो हा रंग सापडला होता.

त्यानंतरच्या शनिवारी ताट समोर आलं तर कबाब तपकिरी. शेजारच्या बाकावरच्या काकांनी तो शिळा म्हणून परत पाठवला. आजोबा स्वतः उठून आले, वाटीत भिजवलेली मिरची घेऊन. ब्याडगी आणि गुंटूर एकत्र वाटलेली, गर्द लाल. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, त्यामुळे तळताना बराचसा कढईत उतरतो आणि उरलेला उष्णतेनं काळवंडतो. म्हणजे खरा तळलेला कबाब तपकिरीकडे झुकणारच. काकांनी एक तुकडा खाल्ला आणि दुसरी प्लेट मागवली.

माझं मत विचाराल तर बंदीनंतर चव सुधारली. आधी तिखटपणा जिभेच्या शेंड्यावरच टोचायचा. आता पहिल्या घासाला आलं-लसूण लागतं, मग मिरीचा वास येतो, आणि गुंटूर मागाहून घशाशी चढते. ब्याडगी स्वभावानं सौम्य, तिचं काम रंगाचं आणि वासाचं. वरचं आवरण पातळ असतं, तांदळाच्या पिठाचं. मांडीच्या तुकड्याला हाडापर्यंत चिरा दिलेल्या असतात, त्या चिरांच्या कडा सगळ्यात कुरकुरीत होतात. मी तो तुकडा शेवटी ठेवते.

तिखट लागलं म्हणून पाणी पिऊ नका. मिरचीतला जो घटक जाळतो तो पाण्यात नीट विरघळत नाही, पाणी त्याला तोंडभर फिरवतं फक्त. दही खा.

तक्रारीही आहेत. सगळ्यात मोठी तेलाची. साडेबाराला गेलं तर तेल ताजं असतं, दोननंतर त्याला जडपणा येतो. नियमाप्रमाणे तळणीच्या तेलात पोलर संयुगं, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापून बिघडलं की तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते फेकायला हवं. हे काही आपल्याला बाकावर बसून मोजता येत नाही, पण कढईवर फेस धरायला लागला आणि आवरण बोटाला चिकट लागलं की मी समजते. ऑगस्टमध्ये एकदा अडीचला गेले होते, रात्रभर घशाशी आंबट येत राहिलं. दुसऱ्या आठवड्यात आजोबांना स्पष्ट सांगितलं. ते रागावले नाहीत, पण तेल दोनच्या आत बदललेलं मी अजून पाहिलेलं नाही. आणखी एकदा हाडाजवळ मांस गुलाबी निघालं, तेव्हा न बोलता दुसरी प्लेट दिली.

बायकांना एकटीनं जायला जागा कशी, असं दोघीतिघींनी विचारलं. गिऱ्हाईक बहुतेक पुरुषच असतात, पण मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही. हात धुवायची जागा मात्र अरुंद आणि ओली, गाडी लावायला जागा नाहीच. २०२४ मध्ये हाफ प्लेट १४० रुपयांना होती, चार तुकडे.

जाणार असाल तर साडेबाराच्या आत पोचा. आधी फक्त हाफ प्लेट सांगा, कारण दुसरी प्लेट पुढच्या घाण्याची गरम मिळते. 'लेग' आवर्जून मागा, नाहीतर पाठीचे तुकडे येतात. आणि दह्याची वाटी सुरुवातीलाच सांगून ठेवा, एक वाजला की दही संपलेलं असतं.