ट्वेल्व्ह अँग्री मेन की एक रुका हुआ फैसला?

दोन्ही पिक्चरची गोष्ट सेम. एका पोरावर बापाच्या खुनाचा आरोप, बारा ज्युरी (म्हणजे कोर्टात निकाल ठरवणारे साधे नागरिक) एका खोलीत बंद, अकरा जण म्हणतात दोषी आणि एकटा अडून बसतो. मूळ रेजिनाल्ड रोजचं १९५४ चं टीव्ही नाटक, त्यावर १९५७ ला सिडनी ल्युमेटने पिक्चर काढला आणि १९८६ ला बासू चॅटर्जींनी हिंदीत आणला.

कॅमेऱ्याच्या बाबतीत इंग्रजीवाला लय पुढे आहे राव. ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवलाय, मग हळूहळू खाली आणत गेलाय आणि लेन्सही बदलत नेल्यात, त्यामुळे खोली आवळत चाललीय असं वाटतं, आपल्याला कळत पण नाही का गुदमरतंय ते. हिंदीवाला त्यामानाने शूट केलेलं नाटकच वाटतो, आणि आरडाओरडा जरा जास्तच.

पण हिंदीतला पंकज कपूर! शेवटी तो फुटतो ना, तिथे मला इंग्रजीत तोच रोल करणाऱ्या ली जे कॉबपेक्षा तोच जास्त भिडतो, स्वतःच्या मुलाबद्दलचा सगळा राग बाहेर येतो आणि मग माणूस एकदम रिकामा. अन्नू कपूर तर तेव्हा तिशीचा आणि रोल केलाय म्हाताऱ्याचा, तरी पटतो. एकट्या अडून बसणाऱ्याच्या रोलमध्ये केके रैना चांगला आहे पण इंग्रजीतल्या हेन्री फोंडाचा तो शांत ठामपणा काही येत नाही.

एक खटकतं, १९८६ ला आपल्याकडे ज्युरी होतीच कुठे? असो, पहिल्यांदा बघणार असाल तर आधी इंग्रजी बघा, हिंदी नंतर, फक्त पंकज कपूरसाठी.