मोरीत गाठ मारून ठेवलेली पिशवी

दिवसभर औषधाच्या दुकानात बसून मी प्रत्येक पाकिटाची एक्स्पायरी बघतो, बॅच नंबर बघतो, बिलाशिवाय माल उतरवून घेत नाही. तोच मी, फेब्रुवारीत एका माशाचे अठराशे रुपये एका व्हिडिओवर विसंबून देऊन बसलो. बायको म्हणाली, कुठे लिहू नका, लोक हसतील. हसू देत. मला फसवणारा माणूस अजून मासे विकतोय.

रत्नागिरीत घरी साडेतीन फुटांचा रीफ टँक आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा (कोरलचा) मत्स्यालय, सहा वर्षांचा. थोडी झोआ, एक लेदर कोरल, झेनिया, सगळी मऊ अंगाची. त्यात ओसेलारिस क्लाऊन या नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची जोडी होती. गेल्या जूनमध्ये पहिल्याच वादळात रात्रभर लाईट गेली, इन्व्हर्टर पहाटे तीनला झोपला आणि सकाळी नर तळाशी होता. मादी वाचली. तिला आम्ही ‘बाय’ म्हणायचो. मग ती एकटीच लेदर कोरलच्या झालरीत बसून राहायची. काच पुसायला हात घातला की मात्र चावायला यायची.

क्लाऊनमध्ये सगळी पिल्लं आधी नर असतात. त्यातला सगळ्यात मोठा, दांडगा मासा पुढे मादी होतो आणि मग मागे फिरत नाही. म्हणून एकट्या मादीला जोडीदार आणायचा तर तो तिच्याहून बराच लहान हवा. तिच्याएवढा आणला आणि तोही आधीच मादी झालेला असला, तर दोघींतली एक मरेपर्यंत मारामारी. मला हे माहीत होतं. म्हणूनच मी दुकानात जाऊन दिसेल तो उचलला नाही, चांगला शोधून मागवला. तिथेच फसलो.

मुंबईचा एक विक्रेता व्हॉट्सॲपवर मासे विकायचा. साधा क्लाऊन आठशे, आणि ‘टँक ब्रेड, तीस दिवस क्वारंटाइन केलेला, पेलेट (खाद्याच्या सुक्या गोळ्या) खाणारा’ अठराशे. देशात सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनचं प्रजनन बसवून बरीच वर्षं झाली, त्यामुळे टँकमध्ये जन्मलेला मासा मिळणं काही नवलाचं नाही. व्हिडिओत तीन सेंटिमीटरचं गोंडस पिल्लू टपाटप पेलेट खात होतं. त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्याला वरच्या बाजूला एक खाच होती, उंदराने कुरतडल्यासारखी. सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, विचारली तर लगेच उत्तर, ‘सर, 1.025, तुमच्यासारखीच.’ जाता जाता त्याने मला ‘मालवणचं जिवंत कोरल’ही देऊ केलं. कठीण प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ती विकणं सरळ गुन्हा आहे. मी नको म्हटलं आणि मासा मात्र त्याच माणसाकडून घेतला! याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलं. पहाटे पाचला हातखंब्याला उभा होतो, गाडी आली साडेसातला. थर्माकोलचा डबा हातात देताना क्लीनर म्हणाला, “मासे मुंबईतून मागवलात? मिरकरवाडा बंद पडला की काय?” मिरकरवाडा म्हणजे आमचं रत्नागिरीचं मासळी बंदर. आम्ही दोघंही हसलो. घरी आणून डबा उघडला तर पिशवीतला मासा व्हिडिओतल्यापेक्षा मोठा, चार सेंटिमीटरच्या पुढे. रंग फिका. मधला पट्टा सलग. खाच नाही. मी फोटो पाठवला. ‘सर, प्रवासाचा स्ट्रेस. रंग दोन दिवसांत येईल.’ रंग येईलही, पण पट्ट्याला खाच कशी येईल? हा प्रश्न मला सुचला होता. मी तो विचारला नाही, कारण मासा जिवंत होता आणि मला तो आवडला होता.

विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे पिशवीतलं अर्धं पाणी आणि मासा टबात घेऊन त्यात दोन तास थेंब थेंब टँकचं पाणी सोडलं. लांबच्या प्रवासाच्या पिशवीला हे करू नये. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया त्यामुळे फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विखारी होतो. माझा मासा दोन तास त्यात पोहला. उरलेलं अर्धं पाणी टँकमध्ये जायला नको म्हणून पिशवीला गाठ मारून मी ती मोरीत ठेवून दिली. एवढीच एक गोष्ट माझ्या हातून बरोबर झाली.

वेगळ्या टबात महिनाभर ठेवायला हवा होता. पण क्वारंटाइनचे हजार रुपये जास्त मोजले होते ना! म्हणून थेट टँकमध्ये, जाळीच्या डबीत. बाय दिवसभर डबीला धडका देत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडला. ती अंगावर गेली, आणि तो आडवा होऊन थरथर कापायला लागला. क्लाऊनच्या भाषेत ही शरणागती. नर मादीपुढे असाच थरथरतो. तिने एकदा शेपटीला चावा घेतला आणि सोडून दिलं. आठच्या सुमारास दोघं झालरीच्या दोन टोकांना होती. मी मुलीला अभ्यासावरून उठवून दाखवायला आणलं.

त्याने पेलेट तोंडात घेऊन थुंकले. सोमवारीही थुंकले. मंगळवारी सकाळी अंगावर साय धरल्यासारखा पांढरा थर, पापुद्रे सुटलेले, आणि तो पंपाच्या धारेत तोंड घालून धापा टाकत होता. बुधवारी गेला. भाच्याचा एक मित्र शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. त्याने अंगावरचा चिकटा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. घेवड्याच्या बियांसारखे जीव, कडेला केसांची झालर, सारखे वळवळत होते. ब्रुकलिनेला. हा क्लाऊनचा खास वैरी, समुद्रातून धरून आणलेल्या माशांवर जास्त दिसतो. त्यावर फॉर्मालिनचं स्नान देतात. आम्ही बायला बाहेर काढून ते स्नान दिलं, पण तोवर तिचे कल्ले गेले होते. शुक्रवारी दुपारी दुकानात फोन आला. फोनवर मुलगी रडत होती.

त्या रात्री मोरीतली पिशवी आठवली. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला: 1.011. माझा विश्वास बसेना, पुन्हा शून्य लावून पाहिलं. 1.011. श्रावणात भाट्याच्या खाडीचं पाणी असेल तसं. (पावसाळ्यात इथलं किनाऱ्याचं पाणीही गोडसर पडतं, म्हणून मी बारमाही विकतचं मीठ वापरतो.) पातळ, म्हणजे कमी खारट पाण्यात विक्रेत्याचं मीठही वाचतं आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दबून राहतो. 1.009 वर ठेवून तो रोग घालवण्याचा खरा उपचारही आहे, पण तो काटेकोर पाळावा लागतो, आणि व्हेल्व्हेटसारख्या रोगाला त्याने काही होत नाही. माशाला पातळ पाण्यात उतरणं सोपं, खारट पाण्यात चढणं अवघड. ते चढवायचं तर काही दिवस घेऊन. मी दोन तासांत चढवलं, कारण मला 1.025 सांगितलं होतं.

विक्रेत्याला आकड्याचा फोटो पाठवला. आधी म्हणाला ॲक्लिमेशन, म्हणजे माशाला नव्या पाण्याची सवय करणं, चुकलं. मग म्हणाला, गॅरंटी दोन तासांची, पिशवी न उघडता व्हिडिओ हवा होता. मग ब्लॉक. पैसे गेले होते ते खातंही भलत्याच नावाचं. त्यानंतर कुडाळच्या एका ओळखीच्या माणसाने मला त्याला आलेला व्हिडिओ दाखवला, कुठून घ्यावा विचारायला. तेच पिल्लू, तेच टपाटप पेलेट, मधल्या पट्ट्याला तीच खाच. त्याचे पैसे वाचले.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पहिला प्रश्न बिलाचा, आणि माझ्याकडे फक्त चॅट आणि यूपीआयची नोंद. पैसे ताजे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तासाभरात फोन करा. मी पंधरा दिवसांनी जागा झालो. व्हिडिओ मागाल तर जुना नको, व्हिडिओ कॉल मागा. समोर पेलेट टाकायला लावा, टँकच्या काचेवर तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवायला लावा, आणि त्याच कॉलवर रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा दाखवायला सांगा. टाळाटाळ करील तो मासाही तसाच पाठवील. आणि दाखवलं तरी पिशवी आली की पहिला थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाका, मासा नंतर.

उरलेले रोगाचे जीव उपाशी मरावेत म्हणून टँक 76 दिवस माशांविना ठेवला. ब्रुकलिनेलाला एवढं लागत नाही, पण बरोबर ठिपक्यांचा रोग आला नसेल कशावरून? कोरल बरं आहे, झेनिया तर माजलंय. आता न्हाणीघरात चाळीस लिटरच्या टबात एक तीन सेंटिमीटरचं पिल्लू आहे, ठाण्याला स्वतः जाऊन, बिल घेऊन आणलेलं. पिशवीतलं पाणी 1.021 होतं, टबाचं पाणीही आधी तेवढंच केलं आणि मग रोज थोडं थोडं वाढवत नेलं. आज अकरावा दिवस. आंघोळीला सगळ्यांना मागच्या पडवीत जावं लागतं, त्यावरून रोज सकाळी घरात बोलणी बसतात.