पळसाचा फराटा: कॅमेऱ्यात की कॉम्प्युटरवर?

फेब्रुवारी सरता सरता नागपूरच्या गोरेवाड्याच्या बाजूला पळस पेटतो, आणि निसर्गाचे अमूर्त फोटो करून बघावेत असं मनात असलेल्यांना एक गोष्ट ठरवावी लागते. शटर उघडं असताना कॅमेरा हलवायचा, की नेहमीसारखा स्पष्ट फोटो काढून घरी फोटोशॉपमध्ये मोशन ब्लर, म्हणजे हलल्यासारखा धूसरपणा, द्यायचा? मी दोन्ही भरपूर केलंय. माझं मत कॅमेरा हलवण्याच्या बाजूने आहे, आणि त्याचं मुख्य कारण उजेड.

संध्याकाळी अंबाझरी तलावाच्या बांधावरून मावळतीकडे बघा. लाटेवरचा एकेक चमकता ठिपका कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरला झेपेल त्याहून कितीतरी प्रखर असतो. कॅमेरा अर्धा सेकंद आडवा सरकवला, की ती प्रखरता सगळ्या रेघेवर वाटली जाते आणि तरी रेघ सोनेरी, लखलखीत उतरते. स्पष्ट फोटोत तोच ठिपका आधीच पांढराफटक पडलेला असतो, त्यापलीकडचा उजेड फाइलमध्ये आलेलाच नसतो. सॉफ्टवेअर मग जेवढं आहे तेवढंच पसरवतं आणि रेघ मळकट दिसते. रॉ फाइलने, म्हणजे सेन्सरने टिपलेलं सगळं जवळजवळ तसंच ठेवणाऱ्या फाइलने, थोडा फरक पडतो, पण मावळत्या उन्हाच्या चमकेपुढे तीही कमी पडते.

दुसरं कारण हात. साधा मोशन ब्लर एकाच दिशेने, एकाच वेगाने जातो. हात मध्येच किंचित रेंगाळतो, आणि तिथे झाड ओळखू येईल इतपत शिल्लक राहतं. सागाची खोडं सरळ, म्हणून कॅमेरा खालून वर नेला की खोडं टिकतात आणि पानं विरघळतात. पळस वेडावाकडा. तिथे लांब उभा फराटा मारला तर फुलांचा केशरी आणि फांद्यांचा काळा मिळून नुसता चिखल होतो. १/८ सेकंद आणि मनगटाचा छोटासा झटका पुरे, पाकळ्यांचा रंग वेगळा राहतो.

कॉम्प्युटरची बाजू मात्र नागपूरच्या उन्हात खरोखर भक्कम आहे. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र बारीक, एफ/१६ वर ठेवलं, तरी शटर १/१०० सेकंदाच्या आसपास येतो. अर्ध्या सेकंदासाठी साधारण ६ स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) उजेड कमी करावा लागतो, म्हणजे एनडी ६४ फिल्टर, लेन्सवर लावायची उजेड अडवणारी काळपट काच, हवाच. नुसतं छिद्र आणखी लहान, एफ/२२ करून भागत नाही, वर सेन्सरवरची धूळ ठिपके होऊन दिसते. शिवाय घरी दिशा दहादा बदलता येते. कॅमेऱ्यात चाळीस फ्रेममधून दोन-तीन हाती लागतात, आणि तीच रेघ पुन्हा मिळत नाही.

तुम्ही फक्त मोबाइलवर काढत असाल किंवा जुने स्पष्ट फोटो पडून असतील, तर खुशाल कॉम्प्युटरवर करा. मॅन्युअल मोड असलेला कॅमेरा असेल तर आधी हात चालवा. फिल्टर लगेच घ्यायचा नसेल तर उजाडता उजाडता पोचा, त्या उजेडात अर्धा सेकंद तसाच मिळतो. लेन्सचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, तेवढं आठवणीने बंद ठेवा.