कारखान्याचं वायफाय: बंदी, पाळत की सही घेतलेला कागद?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले एक शेठ गेल्या महिन्यात मला म्हणाले, "पासवर्ड बदलून द्या आणि कुणालाच सांगू नका. मलासुद्धा." निम्मं चेष्टेत, निम्मं वैतागून. कारखान्याच्या इन्स्टाग्राम पानावर दुसऱ्याच कुणाच्या टॉवेलचे फोटो चढले होते आणि त्या टॉवेलवाल्यांच्या वकिलाची नोटीस आली होती. फोटो चढवले कुणी, ते कळायला मार्ग नव्हता. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हिशेबनीस, डिस्पॅचचा पोरगा आणि शेठचा मुलगा असे तिघं बसतात. लॉगिन एकच, आणि त्याची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला सेलोटेपनं चिकटवलेली.

मी राउटर आणि कॅमेरे बसवतो, वकील नाही. पण नोकरानं कारखान्याच्या इंटरनेटवर काही भलतंच केलं तर मालक अडकतो का आणि ते टाळायचं कसं, हा प्रश्न मला दर दुसऱ्या गाळ्यात विचारला जातो, म्हणून बंदी, पाळत आणि सही घेतलेला कागद या तिन्ही वाटा इथे शेजारी शेजारी मांडतो.

त्याआधी, जबाबदारी येते तरी कधी? "पोरानं केलं, माझा काय संबंध" हे खरं नाही, आणि "वायफाय माझं म्हणजे सगळं माझ्या गळ्यात" हेही नाही. नोकरानं कामाच्या ओघात केलेल्या चुकीची भरपाई मालकाकडे मागता येते. कामाशी संबंध नसलेल्या गोष्टीची सहसा नाही. १९७८ च्या स्टेट बँक विरुद्ध श्यामा देवी खटल्यात ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याकडे खात्यात भरायला दिलेले पैसे त्यानं लाटले होते. ते त्याच्याकडे ओळखीपोटी दिले होते, बँकेच्या कामाच्या ओघात नव्हे, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं बँकेला जबाबदार धरलं नाही. इंग्लंडमध्ये मॉरिसन्स या दुकानसाखळीच्या एका नाराज कर्मचाऱ्यानं हजारो सहकाऱ्यांच्या पगाराची माहिती इंटरनेटवर टाकली. २०२० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीला सोडलं, कारण तो स्वतःचा सूड उगवत होता. शेठच्या नोटिशीत मात्र ही पळवाट नाही. फोटो कारखान्याच्या पानावर, कारखान्याचा माल खपवायलाच चढले होते.

फौजदारी बाजू वेगळी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ८५ सांगतं की कंपनीकडून गुन्हा घडला तर कारभार पाहणाराही दोषी धरला जातो, आणि भागीदारी फर्मही यात येते. सुटायचं तर दोनपैकी एक सिद्ध करावं लागतं: आपल्याला माहीत नव्हतं, किंवा ते टाळण्यासाठी आपण पुरेशी काळजी घेतली होती. "माहीत नव्हतं" हे सिद्ध करायला अवघड. काळजी घेतल्याचा मात्र पुरावा ठेवता येतो. तिन्ही वाटांना मी हेच माप लावतो.

बंदी सगळ्यात स्वस्त. राउटरमध्ये साइट ब्लॉक करायच्या, मोबाइल गेटवर जमा करायचे. यंत्रमागावर हे योग्यच आहे, तिथे मोबाइल हा बोटांच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे. पण ऑफिसात? ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, टॉवेलच्या किनारीचं डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर पास होतं, ट्रान्सपोर्टची पावतीही तिथेच. म्हणजे बंदी दोन दिवस टिकते आणि मग सगळे स्वतःच्या सिमवर जातात. कारखान्याचं गिऱ्हाईक, दर, नमुने पोरांच्या खाजगी मोबाइलमध्ये जाऊन बसतात आणि पोरगा नोकरी सोडतो तेव्हा त्याच्याबरोबर जातात. शेठच्या फोटोंचा प्रश्न तर बंदीनं सुटलाच नसता, कारण इन्स्टाग्राम कामासाठीच उघडं होतं.

पाळतीचं आकर्षण मला समजतं. स्क्रीनवर काय चाललंय ते घरी सोफ्यावर बसून दिसतं! असं सॉफ्टवेअर मी दोन ठिकाणी बसवलं, आणि दोन्हीकडे महिन्याभरानं कुणी बघेनासं झालं. यातला धोका इथेच आहे. नोंदी तुमच्याकडे होत्या आणि तुम्ही काही केलं नाही, मग "माहीत नव्हतं" म्हणायची सोयही गेली. शिवाय लोकांचे खाजगी मेसेज, बँकेचे ओटीपी तुमच्या कॉम्प्युटरवर साठतात आणि ते सांभाळणं हीही जबाबदारी होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मालकाला नुकसानीपासून बचाव करण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायची मुभा देतो, पण ती सुरक्षित ठेवायचं ओझंही त्याच्यावरच टाकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पाळत ठेवायचीच असेल तर बिलिंगच्या आणि बँकेच्या कॉम्प्युटरपुरती, आणि सांगून.

तिसरी वाट दिसायला कंटाळवाणी: एक पानाचा लेखी नियम, त्यावर सही, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, आणि गडी, पाहुणे, ड्रायव्हर यांच्यासाठी वेगळं गेस्ट वायफाय. आता बहुतेक राउटरमध्ये ही सोय असतेच, वीस मिनिटांचं काम. उघडं वायफाय किती महाग पडतं, याचं उदाहरण नवी मुंबईतच आहे. २००८ च्या अहमदाबाद स्फोटांआधीचा धमकीचा ई-मेल सानपाड्यातल्या एका घरच्या असुरक्षित वायफायवरून गेला होता, आणि चौकशीला तोंड द्यावं लागलं ते त्या घरात राहणाऱ्या माणसाला.

कागदावर काय असावं? दुसऱ्याचे फोटो-डिझाइन वापरायचे नाहीत. चोरीचं सॉफ्टवेअर टाकायचं नाही (ते जाणूनबुजून वापरण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली कैदसुद्धा आहे). गिऱ्हाइकाची माहिती खाजगी नंबरवर पाठवायची नाही. आणि ऑफिसच्या ग्रुपवर घाणेरडं काही टाकायचं नाही. या शेवटच्या मुद्द्यावर शेठ हसले. "ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच आहे, म्हणजे मीच आत जाणार का?" मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की आधीचं संगनमत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला दोषी धरता येत नाही. पण दहा किंवा जास्त माणसं असलेल्या जागी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. नेमली नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड. अ‍ॅडमिन म्हणून सुटाल, मालक म्हणून नाही.

या वाटेची खोट एकच: कागद फायलीत पडून राहतो. नवा माणूस आला की सही राहते, जुना गेला की त्याचं लॉगिन तसंच चालू राहतं. हे बघायला कुणीतरी नेमावं लागतं.

माझा कौल सरळ आहे. मागांवर बंदी, बँकेच्या कॉम्प्युटरवर सांगून नजर, बाकी सगळीकडे तिसरी वाट. दोन-तीन माणसांचाच गाळा असेल तर नजरेचा खर्च करू नका, लॉगिन तेवढी वेगळी करा.

शेठनी कागद मराठीत एक आणि तेलुगूत एक असा काढला, कारण त्यांच्याकडची निम्मी माणसं सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. मॉनिटरवरची चिठ्ठी मी काढली, सेलोटेपचा डाग तेवढा राहिला. पहिली सही त्यांनी मुलाची घेतली. इन्स्टाग्रामचं पान तोच बघतो.