आयजीएमपी स्नूपिंग : आठ महिने वापरल्यावर

डेटा सेंटरच्या स्विचेसवर आयजीएमपी स्नूपिंग चालू करून आता आठ महिने झाले. मल्टिकास्ट म्हणजे एकाने पाठवलेलं एका ग्रुपमधल्या अनेकांना पोचणं, आणि ‘मला या ग्रुपमध्ये घ्या’ हे मशीन ज्या प्रोटोकॉलने कळवतं तो आयजीएमपी. स्विचने ते बोलणं चोरून ऐकायचं आणि मागणाऱ्या पोर्टांवरच तो ग्रुप पाठवायचा, हे स्नूपिंग. कारण साधं होतं. एका व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या काढलेल्या आभासी नेटवर्कमध्ये) व्हिडिओचे मल्टिकास्ट फीड चालायचे आणि ते नेमके कोणाला हवेत हे स्विचला माहीत नसल्याने तो सगळं सगळ्या पोर्टांवर ओतायचा. दहा गिगाबिटच्या पोर्टांचं काही बिघडत नव्हतं, पण त्याच व्हीलॅनमधल्या एक गिगाबिटवाल्या जुन्या सर्व्हरांवर पॅकेट ड्रॉप व्हायला लागले होते. स्नूपिंग लावल्यावर हा त्रास त्याच दिवशी संपला. त्या कामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण.

नवा त्रास मात्र चार मिनिटं वीस सेकंदांनी सुरू झाला.

फीड नीट चाललेले पाहून आम्ही क्लस्टरच्या हार्टबीटच्या व्हीलॅनवरही स्नूपिंग लावलं. (एकत्र काम करणारे सर्व्हर, म्हणजे नोड, ‘मी जिवंत आहे’ असं एकमेकांना मल्टिकास्टने सांगतात, तो हार्टबीट.) अनोळखी, म्हणजे स्विचकडे नोंद नसलेलं, मल्टिकास्ट ड्रॉप करायचं सेटिंगही चालू ठेवलं, सेवा रीस्टार्ट केल्या, दोन मिनिटं ओमपिंग हे मल्टिकास्ट तपासायचं साधन चालवलं. एकही पॅकेट हरवलं नाही, म्हणून चहाला गेलो. परत येईपर्यंत क्लस्टरचे नोड एकमेकांना मेलेले समजून बाहेर काढत होते.

झालं असं, की होस्ट ग्रुपमध्ये शिरताना आपणहून एक रिपोर्ट पाठवतो. स्विच तो ऐकतो आणि पोर्टाची नोंद करतो. पण ती नोंद कायमची नसते. कोणीतरी ठरावीक वेळाने ‘अजून कोण आहे?’ असं विचारावं लागतं, आणि होस्ट उत्तर देतात तेव्हाच नोंद ताजी राहते. हे विचारणारा तो क्वेरिअर. एरवी हे काम मल्टिकास्ट राउटर करतो, पण आमच्या हार्टबीटच्या व्हीलॅनमध्ये राउटरच नव्हता. मूळ ठरलेल्या वेळा अशा : दर १२५ सेकंदांनी क्वेरी, उत्तराला १० सेकंद, आणि एखादी क्वेरी हरवली तर हरवो म्हणून क्वेरीच्या काळाला दुप्पट मुभा. म्हणजे २५० अधिक १०, २६० सेकंद. आमची चाचणी १२० सेकंदांची! आता मी सेकंदाला एक याप्रमाणे ६०० पॅकेट सोडतो आणि दहा मिनिटं जागचा हलत नाही.

दुसऱ्या एका रॅकमधल्या स्विचवर हीच चूक झाली होती, पण तिथे काहीच मोडलं नाही. तिथे अनोळखी मल्टिकास्ट फ्लड करायचं, म्हणजे सगळ्या पोर्टांवर सोडायचं, सेटिंग होतं, त्यामुळे नोंदी गळल्यावर ट्रॅफिक पुन्हा सगळीकडे पसरायला लागला. कागदावर स्नूपिंग चालू, प्रत्यक्षात नसल्यासारखं. सरळ मोडणारा स्विच मला त्यापेक्षा परवडला.

क्वेरिअर लावताना आयपी पत्ता विचार करून द्या. एकाच व्हीलॅनमध्ये दोन क्वेरिअर असले तर ज्याचा पत्ता लहान तो जिंकतो. आमच्याकडे कोणीतरी चाचणीचा स्विच जोडला, त्याचा पत्ता सगळ्यांत लहान निघाला आणि तो बिनविरोध निवडून आला. संध्याकाळी त्याची वीज काढली. बाकीचे स्विच जुन्या क्वेरिअरची २५५ सेकंद वाट बघतात आणि मगच हालचाल करतात. इकडे नोंदी २६० सेकंदांवर गळतात, आणि नव्या क्वेरीला उत्तर यायला १० सेकंदही लागू शकतात. ही बेरीज आम्ही आधी कधी केलीच नव्हती. काही फीड थोडा वेळ तुटले, काही वाचले, आणि त्यातून काही अर्थ काढण्यात आमची रात्र गेली. आता क्वेरिअरचे पत्ते राखीव ठेवलेत आणि स्पाइनच्या, म्हणजे बाकीचे स्विच जोडणाऱ्या मधल्या स्विचेसच्या, जोडीवर दोन्हीकडे क्वेरिअर आहे. क्वेरीचा काळ कमी करायचा असेल तर सगळ्या स्विचेसवर एकदमच बदला. आयजीएमपीच्या आवृत्ती २ मध्ये क्वेरी आपला काळ सोबत सांगत नाही, ती सोय आवृत्ती ३ मध्ये आली.

फास्ट लीव्हच्या, म्हणजे ग्रुप सोडल्याचा निरोप येताच काही न विचारता पोर्ट तोडण्याच्या, मोहात मीही पडलो. जिथे पोर्टामागे एकच मशीन आहे तिथे झकास. हायपरव्हायझरच्या, म्हणजे अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या सर्व्हरच्या, पोर्टावर मात्र एका व्हीएमने ग्रुप सोडला की शेजारच्या व्हीएमचाही फीड बंद. तिथून काढून टाकलं.

ग्रुपचे पत्ते वाटतानाही जपून. आयपी पत्त्याचे शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात (स्विच फ्रेम पोचवायला वापरतो त्या पत्त्यात) जातात, त्यामुळे ३२ ग्रुप एकाच मॅकवर येतात. २३९.१.१.५ आणि २३९.१२९.१.५ हे वरवर वेगळे दिसतात, पण मॅकवरून फॉरवर्ड करणाऱ्या स्विचला ते एकच. आमच्या एका जुन्या स्विचवर एक फीड मागणाऱ्याला दुसराही फुकट मिळत होता. व्हीआरआरपीची (एक राउटर पडला तर दुसऱ्याने जागा घेण्याच्या प्रोटोकॉलची) काळजी नको, त्याचा २२४.०.०.१८ हा पत्ता २२४.०.०.x मधला आहे आणि तो टापू फ्लडच करायचा असतो. आयपीव्ही६ वर एमएलडी (तिथला आयजीएमपी) स्नूपिंग लावणार असाल तर आधी तिथलाही क्वेरिअर बघा, कारण शेजाऱ्याचा मॅक शोधण्याचं कामच तिथे मल्टिकास्टवर चालतं.

अजून एक खटकणारी गोष्ट शिल्लक आहे. स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचेसमधले लूप टाळणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) काही बदल झाला की आमचे स्विच थोडा वेळ सगळं मल्टिकास्ट पुन्हा फ्लड करतात. सर्व्हरचे पोर्ट एज (मागे दुसरा स्विच नसलेले) म्हणून नोंदवलेले नसतील तर साधा सर्व्हर रीबूटसुद्धा बदल म्हणून मोजला जातो. शोधल्यावर असे अकरा पोर्ट सापडले. नऊ दुरुस्त केले, उरलेल्या दोनांच्या मागे नेमकं काय जोडलंय हे सांगणारं लेबल गळून पडलंय.