लिब्रेऑफिसची गाईड्स: सगळी वेगवेगळी, आणि तेच बरंय

लिब्रेऑफिस (एमएस ऑफिससारखंच सॉफ्टवेअर) फुकट आहे हे सगळ्यांना माहितीये, पण त्याची गाईड्स कोणी उघडूनसुद्धा बघत नाही, म्हणून खास त्यांच्याबद्दलच लिहितोय. साईटवरून पीडीएफ घ्या, पैसे नाहीत, लॉगिन नाही. पत्रं-मजकूर लिहायच्या रायटरचं पुस्तक वेगळं, हिशोबाच्या तक्त्यांच्या कॅल्कचं वेगळं, इम्प्रेस (प्रेझेंटेशन), ड्रॉ (चित्रं), बेस (डेटाबेस), मॅथ (गणिताची सूत्रं) सगळ्यांची आपापली, आणि या सगळ्यांची तोंडओळख करून देणारं एक गेटिंग स्टार्टेड.

आमच्या सोसायटीचे खजिनदार काका म्हणाले, अरे एकच जाडं पुस्तक का नाही देत, कंट्रोल एफ मारलं की काम झालं. ऐकायला बरोबर वाटतं. पण आधीच्या बिलिंग सॉफ्टवेअरचं (नाव नको) मॅन्युअल तसंच होतं की, इन्स्टॉलेशनपासून बॅकअपपर्यंत सगळं एकात कोंबलेलं. काकांना फक्त एक पावती कॅन्सल करायची होती, तर 'रिसीट' शोधल्यावर पानंच्या पानं रिझल्ट, त्यातले अर्धे ॲडमिनच्या सेटिंगचे. शेवटी सपोर्टला फोन.

इथे तसं होत नाही कारण पुस्तक उघडतानाच निम्मा पसारा बाहेर राहतो. काकांसाठी कॅल्कमधली फॉर्म्युले आणि प्रिंटिंगवाली प्रकरणं तेवढी स्टेशनबाहेर झेरॉक्सवाल्याकडून काढून स्पायरल करून घेतली, नोटिसा टाईप करणाऱ्या सेक्रेटरी मॅडमना रायटरमधली दिली. सॉल्व्हर नि पिव्होट टेबलसारखी कॅल्कमधली अवघड प्रकरणं घेऊन आम्ही मेंटेनन्सच्या बिलांचं काय करणार!

खरी परीक्षा मेल मर्जची, म्हणजे एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नावाने काढायची. मेंबरांची यादी कॅल्कमध्ये, पत्र रायटरमध्ये, आणि दोघांना जोडायला मधे बेसची फाईल तयार होते, म्हणजे तीन पुस्तकं उलटीपालटी करावी लागणार असं मला वाटलेलं. तर नाही, रायटर गाईडच्या मेल मर्जच्या प्रकरणातच डेटा सोर्स (म्हणजे ती यादी) कसा रजिस्टर करायचा ते पहिल्यापासून दिलंय. काही मजकूर दोन पुस्तकांत येतो, येऊ दे की, वाचणाऱ्याला इकडून तिकडे पळवण्यापेक्षा परवडलं.

वैताग एकाच गोष्टीचा, एखादी गोष्ट नक्की कुठल्या पुस्तकात असेल हेच कळत नसेल तेव्हा. स्टाईल्स (तयार फॉरमॅटिंग) रायटरमध्ये पण आहेत, कॅल्कमध्ये पण आहेत. त्यावर उपाय म्हणजे सगळ्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये टाकायच्या आणि ॲक्रोबॅट रीडरच्या ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये फाईलऐवजी तो फोल्डर द्यायचा, सगळ्या पुस्तकांत एकदम शोधतो. एका जाड्या पुस्तकाचा जो काय फायदा तो असा मिळतोच, वर प्रत्येक पुस्तकाचे रिझल्ट वेगवेगळे दिसतात.

कव्हरवरचं व्हर्जन तेवढं बघून घ्या. २०२४ मध्ये नंबर ७.६ वरून थेट २४.२ झाला, त्यामुळे मधली बरीच व्हर्जन्स राहिली असं वाटून घाबरू नका. सगळी पुस्तकं एकाच वेळी अपडेट होत नाहीत, पण रोजच्या कामाला फार फरक पडत नाही.

विंडोजवाल्यांनी ऑफलाईन हेल्प आठवणीने वेगळी डाउनलोड करा. नाहीतर एफ वन दाबलं की ब्राउझरमध्ये ऑनलाईन हेल्प उघडते, आणि आमच्या सोसायटी ऑफिसात नेट पावसाळ्यात असतं कुठे.