साहित्यिकांच्या सह्यांच्या फ्रेमा घेताय? आधी मागचा पुठ्ठा उघडा

तीन फ्रेमा घेतल्या, १८,५०० रुपये गेले. नांदेडच्या नरहर कुरुंदकर गुरुजींचं पत्र ७,५००, वि. स. खांडेकरांचं ६,५००, कुसुमाग्रजांच्या सहीचं कार्ड ४,५००. तिन्ही खोटं. नांदेड-परभणीकडचे वाचक हेरायचे, 'जुन्या घरातला संग्रह' सांगायचं, पैसे आधी यूपीआयने घ्यायचे. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

गुरुजींच्या पत्रावर तारीख १२ मार्च १९६८ आणि छापील पत्त्यात 'नांदेड ४३१६०१'. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला! हा आकडा आधी पाठवलेल्या फोटोतही स्पष्ट होता, आठवलं की अंगाची लाही होते. पण खाली गुरुजींची सही दिसत असताना नांदेडचा कोणता माणूस पत्ता वाचत बसेल? ठगाला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून आधी पत्ता वाचा, सही नंतर.

खांडेकरांचं पत्र १९७५ चं, दोन पानं, ओळी सरळसोट. शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती, मग ओळी इतक्या सरळ कशा?

'सील तोडल्यास हमी रद्द' असं स्टिकर असेल तर फ्रेम घेऊच नका. घेऊन बसला असाल तर आधी स्टिकरचा फोटो काढा, मागची टेप ब्लेडने कापा, खिळे पकडीने उचला, हार्डबोर्ड काढा. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका. दहापट भिंगातून सही बघा. फाउंटन पेनची शाई कागदाच्या धाग्यांत किंचित पसरते, रेघ रेघेवरून जाते तिथे गडद होते. कुसुमाग्रजांच्या निळ्या सहीत निळे, गुलाबी, पिवळे ठिपके निघाले. इंकजेट प्रिंट! ४,५०० रुपयांना!

पोलीस ठाण्यात म्हणाले, "सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "वस्तू मिळाली ना? मग ही दिवाणी भानगड." परत ठाण्यात गेलं तर, "साहेब, सहीसाठी एवढे पैसे देतं का कुणी?" अहो, पाच-पाचशेची बनावट नोट पकडली तर धावता, मग गुरुजींच्या नावाची बनावट सही गुन्हा नाही? तक्रार घ्यायची सोडून आमचीच उलटतपासणी! हद्द कुठली हे ठरवायचं काम त्यांचं, तक्रारदाराचं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ती मिळाल्याशिवाय उठू नका. पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन लावा, उशीर झाला की ठगाचं खातं रिकामं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

आणि विकणारा 'परत पाठवा, पैसे देतो' म्हणाला तरी फ्रेम पाठवू नका. कुरिअरच्या पावतीसकट तोच पुरावा आहे.